कळंब्याच्या गच्चीवरून रात्रीचं आभाळ : या हंगामातली प्रगती

रात्री उडत जाणाऱ्या स्थलांतरित पक्ष्यांचे आवाज टिपायला परतीच्या पावसात कोल्हापूरजवळच्या कळंब्यात रेकॉर्डर गच्चीवर लावला होता. त्या नोंदींतून झालेली सर्वांत मोठी कमाई म्हणजे हिरवी तुतारी हा पाणथळीचा पक्षी आता स्पेक्ट्रोग्रामवर, म्हणजे आवाजाच्या चित्रावर, नुसत्या नजरेने ओळखू येतो.

मांडणी साधी आहे. रंगाची रिकामी बादली, आतून फोम, तळाशी आभाळाकडे तोंड केलेला ऑडिओमॉथ (छोटा रेकॉर्डर) आणि वर ताणून बसवलेली पातळ प्लॅस्टिक फिल्म. बादलीमुळे रस्त्याचा आवाज बराच अडतो. रेकॉर्डिंग ४८ किलोहर्ट्‌झवर, वेव्ह फाइलमध्ये. रंकाळा तलावावर पक्षी भरपूर, पण वर्दळ रात्री उशिरापर्यंत चालते, म्हणून कळंब्याची बाजू निवडली. कारखाने सुरू झाले की उसाच्या ट्रॅक्टरांवरची गाणी इथेही रात्रभर पोचतात. त्यामुळे गळीत हंगामाआधीचे आठवडे माझ्यासाठी सोन्याचे.

माझा बहुतेक वेळ मात्र गेला तो इथल्याच पक्ष्यांवर. टिटवी, रातबगळा, अडई, करवानक. रात्री सगळ्यात जास्त बोलतात ते हेच. रातबगळ्याचा घोगरा ‘क्वाक्’ एकच येतो, अडईची शीळ थव्यातून एकमेकींवर चढत जाते, करवानकाचा आवाज पायरीपायरीने वाढतो. हे चौघे पाठ झाल्याशिवाय परका आवाज वेगळा काढता येत नाही, हे मी नव्याने सुरुवात करणाऱ्या प्रत्येकाला आग्रहाने सांगेन. ते पाठ झाले आणि तुतारीचं ‘ट्लुई-विट-विट’ आपोआप डोळ्यांत भरू लागलं. ग्रीनशँक हा पाणपक्षी तर आणखी सोपा, एकाच पट्टीतले सारखे ‘ट्यू-ट्यू-ट्यू’. लिटल रिंग्ड प्लोव्हर या छोट्या पाणपक्ष्याच्या बाबतीत मी सावध असतो. तो आपल्याकडे वीणही घालतो, त्यामुळे त्याचा आवाज म्हणजे स्थलांतर असं धरता येत नाही.

बर्डनेट हे आवाजावरून पक्षी ओळखणारं सॉफ्टवेअर फाइलचे तीन-तीन सेकंदांचे तुकडे करून तपासतं. लांबलचक फाइलमध्ये कुठे पाहायचं, एवढ्यासाठी ते उत्तम. नाव मी स्वतः ऐकून, झेनो-कँटो या पक्ष्यांच्या आवाजांच्या संकेतस्थळावरच्या नोंदींशी ताडूनच लिहितो.

आकड्यांबद्दल थोडं. अमेरिकेत विस्कॉन्सिनमध्ये ऑरिन लिबी यांनी १८९६ च्या सप्टेंबरात एका रात्रीत नुसत्या कानांनी सुमारे ३८०० आवाज मोजले होते. तिकडचे थ्रश आणि वॉर्बलर रात्री उडताना सतत बोलतात. आपल्याकडे हिवाळ्याला येणारे वटवटे आणि माशीमारही रात्रीच प्रवास करतात, पण उडताना बहुतेक गप्प असतात. म्हणून आपली फाइल शांत निघाली तरी वरून कोणी गेलंच नाही असं समजू नका. पाणथळीचे पक्षी बोलके, तेव्हा आपला भर त्यांच्यावरच हवा.

ढग खाली उतरलेल्या रात्री अजिबात सोडू नका. अशा वेळी पक्षी कमी उंचीवरून उडतात आणि शहराच्या उजेडात जास्त बोलतात. सप्टेंबरअखेरीच्या ढगाळ रात्रींनी मला सर्वांत चांगल्या नोंदी दिल्या.

आता मार्च-एप्रिलचा परतीचा प्रवास. पन्हाळ्यावर किंवा पंचगंगेकाठी कोणी रेकॉर्डर लावणार असेल तर त्याचं घड्याळ मोबाइलशी सेकंदापर्यंत जुळवून घ्या आणि सूर्यास्तानंतर पाऊण तासाने रेकॉर्डिंग सुरू करा. वेळा सारख्या असतील तर एकाच रात्रीच्या नोंदी तासातासाने शेजारी मांडता येतील.