आधी घड्याळ वाचा, मग डाव

स्पर्धेत खेळलेला आपला बुद्धिबळाचा डाव कसा तपासायचा, त्याबद्दल हे. ९० मिनिटं आणि दर खेळीला ३० सेकंद जादा (इन्क्रिमेंट), अशा वेळेच्या डावात स्कोअरशीट, म्हणजे खेळ्यांच्या नोंदीचा कागद, शेवटच्या खेळीपर्यंत लिहावीच लागते. शेवटची पाच मिनिटं उरली की लिहिण्यातून सुटका, हा नियम ३० सेकंदांचं इन्क्रिमेंट असताना लागू होत नाही. मग त्याच कागदावर खेळीशेजारी घड्याळातली उरलेली वेळही लिहावी. दर खेळीला जमलं नाही तरी दर दोन-तीन खेळ्यांनी, आणि लांब विचार झाला असेल तेव्हा हमखास. फिडेच्या (जागतिक बुद्धिबळ संघटनेच्या) नियमांत खेळ्या, घड्याळाची वेळ, बरोबरीचा प्रस्ताव आणि दाव्याशी संबंधित नोंदी एवढं लिहायला मुभा आहे. खेळीपुढे प्रश्नचिन्ह काढणं किंवा 'सांभाळ' असं स्वतःला बजावणं चालत नाही. ती टिपणं ठरतात आणि पंच हटकतात.

वेळेचा हिशेब करताना इन्क्रिमेंट विसरू नका. सोळाव्या खेळीनंतर ५८ मिनिटं होती आणि सतराव्या खेळीनंतर ४१ उरली, तर खर्च १७ नव्हे, साडेसतरा मिनिटं झाला. डाव तपासायला बसलं की हरलेल्या खेळीकडे जाण्याआधी हे खर्च मांडायचे आणि सगळ्यात मोठे तीन शोधायचे. मुलांच्या डावांत ब्लंडर (घोडचूक) बहुधा चौतिसाव्या-पस्तिसाव्या खेळीला होतो. पण त्याचं मूळ सतराव्या खेळीच्या त्या साडेसतरा मिनिटांत असतं. तिथे दोन खेळ्या पुन्हा पुन्हा मोजल्या गेल्या, दोन्ही पटल्या नाहीत, आणि शेवटी तिसरीच, न मोजलेली खेळी झटकन खेळली गेली. ती खेळी कदाचित चांगलीही असेल. गेलेली वेळ मात्र परत येत नाही आणि शेवटी शेवटी डाव इन्क्रिमेंटवर रेटावा लागतो. म्हणून 'पस्तिसाव्या खेळीला हत्ती फुकट दिला' एवढीच नोंद मला अपुरी वाटते.

डाव संपून स्कोअरशीटवर सह्या झाल्या की प्रतिस्पर्ध्याला हळूच विचारावं, 'बघायचा का डाव?' खेळाच्या हॉलबाहेर पट मांडला की त्याला एकच गोष्ट नक्की विचारा: तुला कशाची भीती वाटत होती? हे उत्तर कोणतंही इंजिन (बुद्धिबळ खेळणारा संगणक-प्रोग्राम) देणार नाही. आपण ज्या हल्ल्याच्या धास्तीनं तीन खेळ्या बचावात घालवल्या, तो त्याच्या मनातही नव्हता, असं कितीदा तरी निघतं. गो या काळ्या-पांढऱ्या दगडांच्या पटावरच्या खेळात ही रीत फार जुनी आणि जिवापाड जपलेली आहे. कोरियात तिला बोकगी म्हणतात. दोनशेच्या वर दगड पडलेला डाव व्यावसायिक खेळाडू आठवणीतून पहिल्यापासून पुन्हा मांडतात, जिंकलेला आणि हरलेला दोघं मिळून. आपल्याकडे मात्र हरलेलं पोर डबा घेऊन थेट गेटकडे धावतं. त्याला दहा मिनिटं थांबू द्या.

ठाणे-वाशी लोकल साधारण अर्ध्या तासाची. स्पर्धा खाडीच्या अलीकडे असो की पलीकडे, परतीचा हा अर्धा तास डाव तपासायला उत्तम. फोन खिशात ठेवायचा आणि स्कोअरशीटच्या आपल्या प्रतीवर पेन्सिलनं लिहायचं. आता डाव संपलेला असतो, त्यामुळे काहीही लिहा. ऐरोलीपासून कोपरखैरणेपर्यंत चार-पाच जागा पुरेत: इथे कोणत्या खेळ्या डोक्यात होत्या, कशाला घाबरलो, आपण बरे आहोत असं वाटत होतं की वाईट. प्रत्येक चुकीपुढे एक अक्षर टाका. 'न' म्हणजे खेळी दिसलीच नाही. 'अं' म्हणजे दिसली, पण अंदाज चुकला. 'वे' म्हणजे वेळच नव्हता. तिघांवरचे उपाय वेगळे आहेत. 'न' जास्त असतील तर रोज कोडी सोडवा. 'अं' जास्त असतील तर कोड्यांनी भागणार नाही, तशा रचनेचे जाणत्यांचे डाव सावकाश खेळून बघावे लागतात. 'वे' जास्त असतील तर आधी घड्याळाचा खर्च सुधारा. दुसऱ्या दिवशी ही अक्षरं खरेपणानं टाकता येत नाहीत. तोवर इंजिन बघून झालेलं असतं आणि मला हे दिसलंच होतं, असं मन सांगू लागतं.

घरी डाव संगणकावर भरताना तो मध्येच अडतो. सत्ताविसाव्या खेळीला 'ही खेळी शक्य नाही' असं दिसलं, तर चूक सहसा त्याआधी असते. एखादी खेळी लिहायची राहून गेलेली असते. किंवा दोन्ही हत्ती डी१ या घरावर (उभ्या ओळी ए ते एच, आडव्या १ ते ८) येऊ शकत होते आणि कोणता आला ते लिहिलेलं नसतं; घोड्यांचं डी२ वर तेच होतं. काळ्याकडून खेळणारी लहान मुलं पट उलटा वाचतात आणि ए चं एच करतात. दुसरी प्रत पुसट उमटते, म्हणून मूळ कागद पंचांकडे देण्यापूर्वी तीवरची अक्षरं वाचता येतात का ते बघून घ्या.

ओपनिंगवर, म्हणजे डावाच्या सुरुवातीच्या खेळ्यांवर, मी फार वेळ घालवू देत नाही. आपली तयारी कोणत्या खेळीला संपली तेवढं शोधा आणि त्यापुढची एक खेळी, कारणासकट, शिका. उदाहरणार्थ (आधी पांढऱ्याची, मग काळ्याची खेळी) ई४ ई५, घोडा एफ३ घोडा सी६, उंट सी४ घोडा एफ६, घोडा जी५ डी५, मग पांढऱ्याचं प्यादं डी५ वर मारतं. इथे काळ्यानं घोड्यानं परत मारलं, तर पांढरा एफ७ वर घोडा देतो. राजानं तो घेतला की वजीर एफ३ ला येऊन शह देतो आणि डी५ चा घोडा राखायला राजाला ई६ वर उघड्यावर यावं लागतं. त्यापेक्षा घोडा ए५ खेळून सी४ च्या उंटाला हाकलावं. काळ्याचं प्यादं जातं, पण मोहरी लवकर बाहेर येतात. पाच ओळींत काम झालं.

आता इंजिन. आपोआप होणारी तपासणी नको. पेन्सिलनं खूण केलेल्या जागी जा, इंजिनच्या पहिल्या तीन पर्यायांच्या ओळी दिसतील असं ठेवा आणि प्रत्येक जागेला मिनिटभर द्या. इंजिन प्रत्येक स्थितीला आकडा देतं, अधिक म्हणजे पांढरा वरचढ. त्यात ०.३ आणि ०.१ मधला फरक सोडून द्या. अधिक ६ चं अधिक ४ झालं तेही सोडा. बरोबरीच्या स्थितीतून एकाहून जास्त घसरण झाली असेल तिथे थांबा. स्टॉकफिश या इंजिनच्या २०२२ मधल्या १५.१ आवृत्तीपासून अधिक १ चा अर्थ 'एक प्यादं जास्त' असा राहिलेला नाही. त्या स्थितीतून इंजिन स्वतःशीच खेळलं तर जिंकण्याची शक्यता निम्मी, असा तो आकडा बेतलेला आहे. इंजिनची खेळी पाठ करू नका. आपल्याला खेळायची होती ती खेळी पटावर टाका आणि इंजिन तिला काय उत्तर देतं ते बघा. लिचेस या बुद्धिबळाच्या संकेतस्थळावर विश्लेषणात 'एक्स' ही कळ दाबली की समोरच्याचा बेत काय आहे ते बाणानं दिसतं. 'न' अक्षर पडलेल्या जागी ही कळ फार कामाची.

राजे आणि प्यादी धरून सात किंवा कमी मोहरी उरली की आकडे बघायचेच नाहीत. लिचेसवरच टेबलबेस, म्हणजे अशा स्थितींच्या मोजून ठेवलेल्या उत्तरांचा साठा, आहे; तो जिंकलेलं की बरोबरीचं एवढं पक्कं सांगतो. घड्याळ पुन्हा इथे आडवं येतं, कारण वेळ नसताना खेळाडू ३० सेकंद मिळवायला म्हणून प्यादं एक घर ढकलतात. राजा परत येतो, प्यादं येत नाही. पांढरा राजा डी३, प्यादं ई२, काळा राजा ई६, खेळी पांढऱ्याची. राजा ई४ खेळला तर डाव जिंकलेला आहे. काळा राजा डी६ ला गेला तर पांढरा एफ५ घेतो, एफ६ ला गेला तर डी५, मागे ई७ ला गेला तर पांढरा समोर ई५ ला. ई२ चं प्यादं मागे राहिल्यामुळे गरज पडेल तेव्हा एक राखीव खेळी हाताशी असते. त्याऐवजी घाईनं ई३ ढकललं, तर काळा राजा ई५ ला येऊन बसतो आणि डाव बरोबरीत सुटतो.

ही रचना पटावर मांडून पाच वेळा पांढऱ्याकडून जिंका. मग ई३ झाल्यानंतरची काळ्याकडून पाच वेळा वाचवा. वाचवताना चूक जवळजवळ नेहमी एकाच जागी होते: पांढरं प्यादं ई६, पांढरा राजा ई५, काळा राजा ई७, खेळी काळ्याची. इथे राजा सरळ मागे ई८ लाच न्यायचा. डी८ ला गेला तर पांढरा डी६ आणि एफ८ ला गेला तर एफ६ घेतो, आणि प्यादं वजीर होतं.