टँकरचे पाणी आणि खाऱ्या टाकीतले शेवाळ

समुद्रापासून इतक्या दूर, लातुरात, घरी खाऱ्या पाण्याची प्रवाळ-टाकी सांभाळणाऱ्याची खरी परीक्षा गोडे पाणीच घेते. माझ्या तीनशे लिटरच्या टाकीत गेल्या उन्हाळ्यात हिरव्या केसाळ शेवाळाने जो उच्छाद मांडला, त्याचे मूळ मिठात, दिव्यात किंवा माशांच्या खाण्यात न सापडता अखेर दारात येणाऱ्या टँकरमध्ये सापडले. मराठवाड्यात हा छंद जोपासणारे थोडेच आहेत आणि पाण्याची अडचण सगळ्यांची सारखीच आहे, म्हणून हा अनुभव सविस्तर लिहितो आहे.

टाकीत मऊ प्रवाळ, झोअँथिड (प्रवाळांसारखेच वसाहतीने राहणारे, फुलासारखे उमलणारे जीव) आणि क्लाऊनफिश माशांची एक जोडी आहे. दगडी प्रवाळ मी ठेवत नाही. ते १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत आणि या छंदात येणाऱ्या प्रत्येकाने खरेदीपूर्वी ही गोष्ट माहीत करून घ्यावी, असे मला मनापासून वाटते.

मार्च संपता संपता नळाला येणाऱ्या पाण्यातले अंतर वाढत गेले, अपार्टमेंटची बोअर आटली आणि टँकर सुरू झाले. त्यानंतर थोड्याच दिवसांत दगडांवर हिरवी लव दिसू लागली आणि मे उजाडेपर्यंत तिचे बोटभर लांबीचे धागे झाले. हे धागे झोअँथिडच्या तोंडांवर पसरले की ती मिटून घेतात, आणि बराच काळ मिटलेली राहिली की त्यांना उजेड मिळत नाही व वसाहत हळूहळू आक्रसत जाते. गोंधळात टाकणारी बाब म्हणजे पाण्याची तपासणी अगदी उत्तम येत होती: नायट्रेट लिटरला २ मिलिग्रॅम आणि फॉस्फेट ०.०३. असे आकडे पाहून कोणीही निश्चिंत होईल. परंतु तपासणी फक्त पाण्यात उरलेले मोजते, शेवाळाने आधीच शोषून घेतलेले मोजत नाही. आकडे कमी आणि शेवाळ जोमात, याचा अर्थ खत, म्हणजे नायट्रेट-फॉस्फेट, कुठून तरी सतत येते आहे आणि आल्याबरोबर फस्त होते आहे.

उपायाआधी शेवाळाची ओळख पटवणे आवश्यक होते. आमच्या शेजारी वनस्पतिशास्त्राचे एक निवृत्त प्राध्यापक राहतात. त्यांच्याकडे वाटीत थोडे धागे नेले, तेव्हा सर म्हणाले, "अहो, नावाची घाई कशाला? आधी फांद्या फुटल्यात का ते बघू." सूक्ष्मदर्शकाखाली धागे साधे, नळीसारखे, बहुतांशी बिनफांद्यांचे दिसले, पिसासारखी दोन्ही बाजूंना फुटलेली रचना कुठेच नव्हती. पिसासारखे असते ते ब्रायोप्सिस, ज्याला गोगलगायी सहसा तोंड लावत नाहीत. आमचे डर्बेसियासारखे साधे केसाळ शेवाळ ठरले. ते खाणारे प्राणी मिळतात, त्यामुळे औषधांचा विचार मी तिथेच सोडून दिला.

आता खताचा शोध. खाद्य मी आधीपासूनच गोठवलेले देतो आणि वितळलेले पाणी टाकून, चाळणीत धुऊन देतो. दिव्यांची वेळ तीच होती. बदलले होते ते फक्त पाणी. लातूरच्या उन्हाळ्यात पारा चाळिशीच्या वर जातो तेव्हा टाकीचे पाणी २७ अंशांवर राखण्यासाठी मी पृष्ठभागावर पंखे लावतो. कोरड्या हवेत त्यामुळे रोज सुमारे ८ लिटर पाणी उडून जाते. उडते ते शुद्ध पाणी, मीठ आणि बाकी सर्व विरघळलेले पदार्थ मागे राहतात, म्हणून भर घालायची ती आरओ (मेंब्रेन म्हणजे बारीक पडद्यातून दाबाने पाणी गाळणारे यंत्र) आणि त्यापुढच्या डीआय रेझिनमधून (उरलेले क्षार धरून ठेवणाऱ्या दाण्यांतून) काढलेल्या, टीडीएस (लिटरमागे मिलिग्रॅममध्ये विरघळलेले क्षार) शून्य असलेल्या पाण्याची. नळाच्या पाण्यावर माझे रेझिन महिनोन्महिने टिकत असे. टँकरच्या पाण्याचा टीडीएस मोजला तर तो १४०० च्या पुढे निघाला, आरओनंतरही १०० च्या वर राहिला आणि रेझिन काही दिवसांतच संपून गेले. शिवाय संपलेले रेझिन आधी धरून ठेवलेले काही घटक पुन्हा पाण्यात सोडू लागते.

भर घालण्याच्या पाण्यातले नायट्रेट स्वतंत्रपणे तपासले तेव्हा ते लिटरला १० मिलिग्रॅमच्या आसपास आले. हिशेब मांडून पाहा: रोज ८ लिटरमधून ८० मिलिग्रॅम नायट्रेट तीनशे लिटर पाण्यात जाते आणि महिन्याला लिटरमागे ८ मिलिग्रॅमची भर पडते. शेतातल्या खतांमुळे बोअरच्या पाण्यात नायट्रेट असणे आपल्याकडे नवीन नाही. पिण्याच्या पाण्यासाठी भारतीय मानकाची मर्यादा ४५ मिलिग्रॅम आहे. प्रवाळांच्या टाकीत मात्र १० च्या आत ठेवलेले बरे. त्यातही आरओचे मेंब्रेन इतर क्षारांच्या मानाने नायट्रेट कमी अडवते.

स्वयंपाकघरातल्या फिल्टरचे पाणी का चालत नाही, असे मला अनेक जण विचारतात. त्यातल्या बहुतेक यंत्रांत चवीसाठी टीडीएस कंट्रोलर असतो आणि तो थोडे मूळ पाणी शुद्ध पाण्यात परत मिसळतो. पिण्यासाठी ते ठीक आहे, टाकीसाठी नाही.

मी मेंब्रेन बदलले, गाळाची जाळी आणि कार्बन नवे बसवले आणि बूस्टर पंप लावून पहिल्या आरओचे पाणी दुसऱ्या मेंब्रेनमधून पुन्हा काढू लागलो. रेझिनवर येणारा टीडीएस त्यामुळे १० च्या खाली आला. टँकरच्या पाण्याची उधळपट्टी मला करायची नव्हती. २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेने आलेले पाणी या शहराने प्यायले आहे आणि त्याची आठवण असलेल्या घरात एक बादलीही मोरीत ओतून देता येत नाही. दुसऱ्या मेंब्रेनचे टाकाऊ पाणी टँकरच्या पाण्यापेक्षा स्वच्छ असते, ते परत साठवणीच्या ड्रममध्ये जाते. पहिल्याचे फरशी आणि संडासासाठी वापरतो. टाकीतले बदललेले खारे पाणी मात्र झाडांना किंवा उघड्या मातीत कधीही घालू नये.

यानंतर दगड साफ करण्याला अर्थ आला. पाणी बदलण्याच्या वेळी काढलेल्या खाऱ्या पाण्याच्या बादलीत एकेक दगड घेऊन, जुना टूथब्रश धाग्यांत रुतवून तो शेवया गुंडाळाव्यात तसा फिरवायचा आणि मुळाशी धरून ओढायचे. टाकीतच ओढले तर तुटलेले तुकडे सगळीकडे पसरतात. दिवे दहा तासांवरून सातवर आणले. फॉस्फेटसाठी फेरिक ऑक्साइडचे दाणे अगदी थोड्या प्रमाणात वापरले, कारण दगडांनी साठवलेले फॉस्फेट पाणी स्वच्छ होताच पुन्हा बाहेर पडते आणि एकदम सगळे ओढून काढले तर प्रवाळ उपाशी पडतात. नायट्रेट व फॉस्फेट दोन्ही शून्यावर गेले तर डायनोफ्लॅजेलेट हे एकपेशीय सूक्ष्मजीव माजण्याचा धोका असतो, आणि ते केसाळ शेवाळापेक्षा कितीतरी चिवट असतात. म्हणून मी फॉस्फेट ०.०५ च्या आसपासच राहू दिले.

मध्येच वाळूवर लाल-किरमिजी साय धरली. ती सायनोबॅक्टेरिया, म्हणजे शेवाळ नव्हेच. प्रतिजैविके घातली तर टाकीतले उपयोगी जिवाणूही धोक्यात येतात, म्हणून नळीने ती ओढून काढत राहिलो आणि पॉवरहेडचा (टाकीत पाणी खेळवणाऱ्या पंपाचा) झोत वाळूच्या त्या पाणी न खेळणाऱ्या कोपऱ्याकडे वळवला. साय पुन्हा धरली नाही.

शेवाळ खाणाऱ्या सागरी गोगलगायी भाच्याने मुंबईहून लातूर एक्स्प्रेसने आणल्या. "मामा, रात्रभर डब्बा मांडीवर धरून आलोय," असे सांगत त्याने तो दिला. क्षारतेतला फरक त्यांना सोसत नाही, म्हणून बारीक नळीने थेंबथेंब टाकीचे पाणी त्यांच्या भांड्यात सोडले आणि दुपारनंतर त्यांना दगडांवर ठेवले. सम्पमध्ये (मुख्य टाकीला जोडलेल्या गाळणीच्या छोट्या टाकीत) कीटोमॉर्फा या उपयोगी शेवाळाचा गोळा लावला असून त्याचा दिवा रात्री, मुख्य दिवे बंद असताना जळतो. जे खत मला टाळता येत नाही ते तो शोषतो आणि वाढला की मी त्यातला अर्धा काढून टाकतो.

पावसाळा संपेपर्यंत दगडांवर कोरलाइन या कठीण, निरुपद्रवी शेवाळाचे गुलाबी ठिपके पसरले आणि झोअँथिड पुन्हा पूर्ण उमलू लागले. आता प्रत्येक टँकर आला की नळीखाली ग्लास धरून त्याचा टीडीएस आणि नायट्रेट मोजतो व दारामागच्या वहीत लिहून ठेवतो. आकडा फारच वर गेला तर त्या खेपेचे पाणी टाकीसाठी न घेता, नळाला पाणी असतानाच शुद्ध करून खाद्यदर्जाच्या ड्रममध्ये झाकून ठेवलेला साठा वापरतो.