बाबांची श्रवणचाचणी

आज बाबांची श्रवणचाचणी झाली. काचेपलीकडे हेडफोन लावून बसलेल्या बाबांचा अंगठा शेवटपर्यंत बटणावर सज्ज होता, पण बारीक, उंच स्वरांना तो एकदाही हलला नाही, हे पाहून पोटात कालवले. आतल्या कानातील गोगलगायीच्या शंखासारख्या कॉक्लियात आवाज टिपणाऱ्या जेमतेम १५ हजारांच्या आसपास केशपेशी असतात आणि माणसात त्या मेल्या की पुन्हा येत नाहीत. पक्ष्यांत मात्र त्या नव्याने तयार होतात, हे १९८० च्या दशकात दिसून आल्यापासून तीच क्षमता सस्तन प्राण्यांत जागवण्याचे प्रयत्न चालू आहेत. ओटोफर्लिन जनुकातील दोषामुळे जन्मतः बहिऱ्या असलेल्या काही मुलांना जनुकोपचाराने ऐकू येऊ लागले, हे मला फार मोलाचे वाटते. बाबांसाठी सध्या श्रवणयंत्रच. परतताना रिक्षात मी त्यांच्या उजवीकडे बसलो; तो कान अजून बरा आहे.