समोरच्याचं डुक्कर आणि रडीचा डाव

मालवण, मंगळवार, रात्री उशिरा

आज एज ऑफ एम्पायर्स टू या कॉम्प्युटरवरच्या लढाईच्या गेममध्ये समोरच्याचं रानडुक्कर पळवलं आणि त्याने चॅटमध्ये जे सुरू केलं ते गेम संपेपर्यंत थांबलाच नाही. लेमर (म्हणजे दुसऱ्याची डुकरं पळवून रडीचा खेळणारा) आहेस, लाज नाही, वगैरे. मला यात खरंच काही गैर वाटत नाही. एका डुकरात ३४० फूड, सुरुवातीला तेवढं गेलं की समोरचा हलतो हे मान्य, पण ते आणायला काय लागतं ते बघा ना, स्काउट (टेहळणीचा घोडेस्वार) नेऊन डुकराला डिवचायचं, ते पाठी लागलं की फार पुढे पळायचं नाही नाहीतर ते नाद सोडून मागे फिरतं, फार जवळही राहायचं नाही नाहीतर स्काउट मेला, आणि तेवढा वेळ मॅप बघायचा राहून जातो तो वेगळाच. समोरच्याचं लक्ष असेल तर तो आधीच स्वतःचं डुक्कर ओढून नेतो, किंवा माझं पळवतो, अगदीच नाही तर ६० लाकूड घालून शेत लवकर लावतो. त्याच्याकडे उत्तर आहे. माझ्यासाठी विषय तिथेच संपतो.

मॅपहॅकचं, म्हणजे झाकलेला मॅप चोरून बघायचं, तसं नाही. मागच्या आठवड्यात एक गेम रेकॉर्डिंग लावून परत बघितला. मी नाइट्स जंगलाच्या मागून नेत होतो, त्याचा एकही माणूस त्या बाजूला फिरकला नव्हता, तरी त्याचे भालेवाले बरोब्बर त्याच कोपऱ्यावर येऊन उभे. फॉगच्या, म्हणजे मॅप झाकणाऱ्या धुक्याच्या, आरपार दिसत असणार, दुसरं काय. आता यावर मी काय शिकायचं, कसा सुधारणार? आमच्याकडे रापणवाले (किनाऱ्यावरून जाळं ओढणारे मच्छीमार) एलईडीवाल्यांवर एवढे का चिडतात ते मला यामुळे नीट कळलं, रात्री समुद्रात लाइट सोडून मासळी एका जागी गोळा केली तर रापणवाल्याच्या हातात काय उरतं, केंद्राने २०१७ मध्येच बंदी घातली तरी दिवे दिसतातच.

डोटा या दुसऱ्या गेमचं उदाहरण मात्र मला अजून छळतं. २०१३ च्या इंटरनॅशनल या स्पर्धेत नावी टीमने टाँगफू टीमविरुद्ध फाउंटन हुक वापरला, पज या हिरोने हुक टाकायचा आणि तो हवेत असतानाच चेन या दुसऱ्या हिरोने पजला घरी पाठवायचं, की समोरचा हिरो थेट आपल्या तळावरच्या फाउंटनमध्ये येऊन पडतो. नंतर ते गेममधून काढून टाकलं. पण मी नावीला दोष देणार नाही, सगळं उघड्यावर होतं आणि दोन्ही टीमना करता येत होतं, भोक कोडमध्ये होतं, बुजवायचं काम बनवणाऱ्यांचं.

सगळ्यात जास्त चीड मला स्मर्फची येते. एज ऑफ एम्पायर्समध्ये नव्या अकाउंटला १००० एलो रेटिंग मिळतं, मग मुरलेले लोक नवीन अकाउंट काढतात, मुद्दाम चार गेम सोडून रेटिंग खाली आणतात आणि पोरांना तुडवतात. माझा भाचा नुकताच शिकतोय, परवा म्हणाला, "मामा, हो नवो नाय हां, बघ कसो खेळता." बरोबर ओळखलं पोराने, पण त्यानंतर त्याने गेम उघडलाच नाही. हरल्याचं त्याला काही नाही, कॅरममध्ये रोज हरतो माझ्याशी. बरोबरीचा म्हणून जो समोर बसवला तो बरोबरीचा नव्हताच, हे लागलं त्याला.

रविवारी त्याच्याबरोबर प्रायव्हेट लॉबी करायची ठरवलीय, दोघंच. आधीच सांगून ठेवलंय, तुझं डुक्कर मी पळवणार, कसं वाचवायचं ते शनिवारपर्यंत शोधून ठेव.