घरचं सोयाबीन आणि तळ्यातले रोहू

आमचं सिन्नर तालुक्यातलं शेततळं तीस बाय तीस मीटरचं, प्लॅस्टिकचा कागद अंथरलेलं. पाणी साठवलेलं द्राक्षांसाठी; त्यात मासे सोडायची टूम माझी. नाना, म्हणजे माझे सासरे, म्हणाले, "बागेलाच पुरत नाही, त्यात आता माशांची वरात." तरी ऑगस्टमध्ये रोहू, कटला, मृगळ मिळून सहाशे बोटुकली, म्हणजे बोटाएवढी पिल्लं, सोडली.

मातीच्या तळ्यात शेण टाकलं की पाणी हिरवं होतं आणि मासे बरंचसं त्यावर निभावतात. कागदाच्या तळ्यात तळाला माती नाही, त्यामुळे खायला आपणच घालायचं. पहिले तीन महिने तयार गोळी आणली. पिशवी महाग, म्हणून बाजारातलं सुकट कुटून बघितलं. त्यात निम्मी वाळू आणि मीठ निघालं, वर गावातली सगळी मांजरं आमच्या पडवीत. तेवढ्यात दिवाळी झाली आणि घरचं सोयाबीन खळ्यावरून आलं. म्हटलं, प्रथिनंच हवीत ना? सोयाबीनमध्ये 36 ते 40 टक्के प्रथिनं. फिशमील, म्हणजे सुक्या माशांचं पीठ, कशाला हवं?

गिरणीतून सोयाबीन दळून आणलं, घोटीच्या राइस मिलमधून भाताचा कोंडा आणला, दोन्ही मळून सिमेंटच्या गोणीत भरलं, गोणीला भोकं पाडली आणि बांबूला बांधून पाण्यात सोडली. मासे तुटून पडायचे. ते आवडीनं खात होते, म्हणूनच आम्ही फसलो.

जानेवारीत फेकजाळं टाकलं. रोहूचं वजन जवळपास होतं तेवढंच. थंडीवर ढकललं, पेपरात रोज निफाडचा पारा, आणि थंडीत मासा कमी खातो हे खरंच आहे. मार्च आला, पाणी कोमट झालं, तरी अंगात काही भरेना. नाना काही बोलले नाहीत. ते बोलत नाहीत तेव्हा जास्त लागतं.

माझा धाकटा भाऊ कोंबडीखाद्याच्या कारखान्यात कामाला आहे. तो आला, पिठात हात घातला आणि विचारलं, "ताई, हे भाजलंयस का?" मग त्यानं जॅमची रिकामी बाटली मागितली. दोन चमचे सोयाबीनचं पीठ, चिमूटभर युरिया, थोडं पाणी. झाकण लावून हलवलं आणि चहा होईपर्यंत ओट्यावर ठेवली. झाकण काढून माझ्या नाकाखाली धरली तर डोळ्यांतून पाणीच आलं. तुंबलेल्या मुतारीसारखा अमोनियाचा भपका.

कच्च्या सोयाबीनमध्ये युरिएज नावाचं विकर (एन्झाइम) असतं, ते युरियाचा अमोनिया करतं. त्याच्याच सोबत प्रथिनं पचवणाऱ्या ट्रिप्सिनला अडवणारा घटकही असतो. माशाला त्रास होतो तो ह्या दुसऱ्याचा. दोन्ही साधारण सारख्याच उष्णतेनं निकामी होतात, म्हणून वास आला की समजायचं दाणा कच्चा. चार महिने आम्ही माशांना पोटभर घालत होतो आणि त्यातलं बरंचसं न पचताच बाहेर पडत होतं. रोहूला तर जठरच नसतं. त्याची सगळी भिस्त आतड्यावर.

मग पोती भडभुंज्याकडे. फुटाण्याच्या भट्टीत वाळूवर सोयाबीन भाजून घेतलं. पहिला घाणा पार तपकिरी झाला. भाऊ म्हणाला, "हेही गेलं, लायसिन जळलं." लायसिन म्हणजे प्रथिनांतला एक गरजेचा घटक. दुसरा घाणा जमला, बाटलीत वास नावापुरता. पण अख्ख्या सोयाबीनमध्ये अठरा-वीस टक्के तेल, कोंड्यातही तेल. आठवड्याभरात पाण्यावर तवंग दिसायला लागला.

शेवटी घरचं सोयाबीन विकलं आणि तेल काढलेली पेंड, दुकानदार जिला डीओसी म्हणतात, ती विकत आणली. नानांना हा व्यवहार अजून पटलेला नाही. पण ह्या पेंडीत 46 टक्क्यांच्या आसपास प्रथिनं, आणि ती तेल काढल्यावर वाफेवर भाजलेली असते. भावानं वहीच्या पाठकोऱ्या कागदावर चौकोन काढून दिला. वर पेंडीचे 46, खाली कोंड्याचे 12, मध्ये आपल्याला हवे ते 28. तिरप्या वजाबाक्या करायच्या: 28 वजा 12 म्हणजे 16, आणि 46 वजा 28 म्हणजे 18. सोळा किलो पेंडीला अठरा किलो कोंडा, झालं खाद्य. तो कागद अजून फ्रिजवर आहे.

पेंडीत मेथिओनिन, प्रथिनांतला असाच दुसरा घटक, कमी पडतं; ते तिळाच्या पेंडीत भरपूर असतं. म्हणून सोळापैकी तीन किलो तिळाची घालते. प्रथिनं किंचित घटतात, चालतं. शिवाय वनस्पतींतला बराचसा फॉस्फरस फायटेट नावाच्या संयुगात अडकलेला असतो, माशाला तो मिळत नाही. त्यासाठी गाईला देतो तेच डीसीपी, म्हणजे डायकॅल्शियम फॉस्फेट, थोडं. भुईमुगाची पेंड स्वस्त मिळाली तरी पावसाळ्यात घेत नाही. बुरशी धरली की अफ्लाटॉक्सिन, म्हणजे बुरशीचं विष, आलंच.

रोहू-कटल्याचं फिशमीलवाचून अडलं नाही. जिताड्यासारख्या शिकारी माशाला हे खाद्य जमणार नाही, तो विषय वेगळा.

मेअखेर जाळं टाकलं तेव्हा रोहू हातात मावेना. कटला थोडा मागे आहे. तो वरच्या पाण्यातलं बारीक खाणारा, त्याला गोणी फारशी मानवत नाही.

परवा पेंडीचं नवं पोतं आलं. मी फडताळात जॅमची बाटली शोधत होते. बाहेर येऊन बघते तर नाना पोत्याशेजारी बसलेले, युरियाचा डबा जवळ, आणि बाटली नाकाला लावलेली. "अजून पाच मिनिटं," म्हणाले, "घाई करू नको."