सड्यावरचा ओटीपी

ऑगस्ट २०२०. एकाच माणसाचं अकरावं तिकीट, म्हणजे हेल्पडेस्ककडे नोंदवलेली तक्रार, फिरत फिरत माझ्याकडे आलं. 'पासवर्ड बरोबर आहे, तरी आत घेत नाही.' हेल्पडेस्कने पासवर्ड पुन्हा पुन्हा बदलून दिला होता आणि शेवटी शेरा मारला होता: युजरला टायपिंग जमत नाही.

आमची कंपनी आदल्या वर्षी एका मोठ्या समूहाने घेतली होती. त्यांचं कर्मचाऱ्यांचं पोर्टल शेअरपॉइंटवर, म्हणजे मायक्रोसॉफ्टच्या डॉटनेटच्या घराण्यातलं. आमचं लाइफरेवर, म्हणजे जावा आणि तिचा सर्व्हर टॉमकॅट यांच्या घराण्यातलं. दोघांची सोयरीक जुळवायचं काम आमच्या गळ्यात पडलं. मी या क्षेत्रात आले तेव्हा डब्ल्यूएसआरपी नावाच्या २००३ सालच्या मानकाचं फार कौतुक होतं. एका पोर्टलमधली चौकट उचला, दुसऱ्यात लावा, खाली जावा असो की डॉटनेट. माझ्या अनुभवात चौकट यायची, पण तिच्यातलं बटण दाबलं की रुसायची. म्हणून या वेळी तो नाद सोडला. दोन्ही पोर्टलं आपापल्या जागी ठेवली आणि दार तेवढं एक केलं. लॉगिन समूहाच्या सर्व्हरवर करायचं, तिथून सॅमल नावाच्या मानकाप्रमाणे डिजिटल सही केलेलं पत्र ब्राउझरच्या हातून आमच्याकडे येणार: हा माणूस आपलाच, आत घ्या. आमच्या पोर्टलवर पगाराची कागदपत्रं असल्याने दर वेळी पासवर्ड आणि ओटीपी नव्याने मागायचा, हा सिक्युरिटीवाल्यांचा हट्ट.

तिकीटवाले काका नाशिकच्या कारखान्यात स्टोअर्सला. गणपतीसाठी राजापूरकडच्या गावी आधीच जाऊन विलगीकरणात बसलेले. मी त्यांना स्क्रीन शेअर करायला लावली. त्यांनी पासवर्ड घातला, अगदी बरोबर, आणि म्हणाले, "मॅडम, आता जरा धीर धरा हं." मग खुर्ची सरकल्याचा आवाज, छत्री उघडल्याचा आवाज, आणि नंतर नुसता पाऊस.

घरात बीएसएनएलचा ब्रॉडबँड होता, पण मोबाइलला रेंज नव्हती. ओटीपी यायचा तो मागची घाटी चढून सड्यावर, म्हणजे वरच्या कातळाच्या माळावर, गेलं की. काका तळहातावर पेनाने आकडा लिहून धापा टाकत परत आले, आकडा घातला, आणि लाल अक्षरं आली: लॉगिन अयशस्वी. ओटीपी पाच मिनिटं चालतो, त्यांना चार लागली होती. लॉग, म्हणजे सर्व्हरची नोंदवही, पाहिला तर आकडा समूहाच्या सर्व्हरने मान्य केलेला. नाकारलं होतं ते आमच्या पोर्टलने. कारण लिहिलेलं, 'या उत्तराशी जुळणारी विनंती सापडली नाही'.

विनंती तर मी माझ्या डोळ्यांनी जाताना पाहिली होती.

मग काकांच्या पुतण्याला सड्यावर उभं केलं. त्याने तिथून आकडे ओरडून सांगितले, काकांनी टाइप केले, आणि पोर्टल उघडलं. अख्ख्या वाडीने ओटीपी ऐकला असणार. सिक्युरिटीवाल्यांना हे मी आजतागायत सांगितलेलं नाही.

म्हणजे भानगड वेळेची होती. मी माझ्याच लॅपटॉपवर ओटीपीच्या पानावर थांबून चहा करून आले. आत घेतलं नाही. मग घड्याळ लावून बसले. एक मिनिट पन्नास सेकंदांना उघडतंय, दोन मिनिटं दहाला नाही.

दोन मिनिटं म्हटल्यावर मी कपाळावर हात मारला. आमचं पोर्टल माणसाला लॉगिनला पाठवताना ब्राउझरकडे एक कुकी देतं, देवळाबाहेर चपलांचा बिल्ला देतात तशी. पत्र घेऊन परत आलात की बिल्ला दाखवायचा; तो नसला की आपण कुणाला पाठवलं होतं हेच पोर्टलला सापडत नाही. क्रोमने २०२० मध्ये नियम बदलला होता: कुकीवर सेमसाइटचा, म्हणजे दुसऱ्या साइटवरून येताना ती पाठवायची की नाही याचा, उल्लेख नसेल, तर दुसऱ्या साइटवरून फॉर्म पोस्ट होताना ती पाठवायची नाही. त्याने जगभरची लॉगिनं मोडतील म्हणून सवलत ठेवली, की कुकी दोन मिनिटांच्या आतली असेल तर चालेल. टॉमकॅटच्या आमच्या कुकीवर असला काही उल्लेखच नव्हता.

हा बदल आम्हाला ठाऊक नव्हता असंही नाही. फेब्रुवारीत चाचणी केली होती आणि 'काही अडचण नाही' असा मेल मीच पाठवला होता. पासवर्ड ब्राउझरने भरलेला, फोन उशाला, लॉगिन नऊ सेकंदांत. पुढे करोनामुळे गूगलने एप्रिलमध्ये बदल मागे घेतला, १४ जुलैपासून हळूहळू पुन्हा लागू केला, आणि तोवर मी तो विसरून गेले होते.

दुरुस्ती एका ओळीची: कुकीवर 'सेमसाइट नन' (कुठूनही येताना पाठवा) आणि 'सिक्युअर' (फक्त सुरक्षित जोडणीवर) लिहायचं. पण आयओएस १२ वरचे आयफोन 'नन'चा अर्थ नेमका उलटा, सर्वांत कडक असा लावतात. आमच्या दोन डायरेक्टरांकडे तेच फोन. तेव्हा पोर्टलच्या पुढे उभ्या असलेल्या प्रॉक्सी सर्व्हरवर ब्राउझर ओळखून, जुन्यांना उल्लेखाविना कुकी द्यायची व्यवस्था केली. त्या एका ओळीला तीन दिवस लागले.

हेल्पडेस्कचा तो शेरा मी तिकिटावरून काढायला लावला. चौथ्या दिवशी सकाळी लॉग उघडला. काकांचा कर्मचारी क्रमांक, लॉगिन यशस्वी. विनंती आणि उत्तर यांत अंतर तीन मिनिटं एक्केचाळीस सेकंद.