फिजिक्सवालीची बायोलॉजीतली पीएचडी

कोल्हापुरात एमएस्सी फिजिक्स केलं, नेट-जेआरएफ, म्हणजे पीएचडीला फेलोशिप मिळवून देणारी परीक्षा, फिजिकल सायन्सेसमधनं काढली आणि पीएचडीला बसले ती बॅक्टेरियावर. घरी सांगितलं तेव्हा आई एवढंच म्हणाली, म्हणजे परत पहिलीपासून का गं? तेव्हा हसले, पण झालं तसंच.

गाइड मॅडम मायक्रोबायोलॉजीच्या, को-गाइड सर फिजिक्सचे, बिल्डिंगी दोन आणि मी दोन्हीकडे पाहुणी. कोर्सवर्क 12 क्रेडिटचं तरी यूजीसीच्या नियमानं सगळ्यांनाच करावं लागतं, त्यात मॅडम म्हणाल्या मॉलिक्युलर बायोलॉजी घेच, सर म्हणाले स्टॅट मेक, म्हणजे स्टॅटिस्टिकल मेकॅनिक्स, सोडू नकोस, दोन्ही घेतलं आणि पहिली सेमिस्टर कशी गेली ते विचारू नका.

पण खरा मार खाल्ला तो पिपेटनं, म्हणजे थोडासा द्रव मोजून घ्यायच्या हातातल्या साधनानं. पिपेटच्या बटणाला दोन स्टॉप असतात, पहिल्यापर्यंत दाबून द्रव घ्यायचा आणि सोडताना दुसऱ्यापर्यंत दाबायचं, एवढं साधं. मी घाईत असले की घेतानाच दुसऱ्यापर्यंत दाबायची म्हणजे कधी बरोबर यायचं, कधी जास्त. ई. कोलाय हा आमचा बॅक्टेरिया चांगल्या मीडियात, म्हणजे त्याच्या खाद्यात, 37 डिग्रीला साधारण 20 मिनिटांत दुप्पट होतो, त्यामुळे दर वीस मिनिटांनी उठून सॅम्पल काढा, पातळ करा, ओडी, म्हणजे द्रव किती गढूळ झाला ते, घ्या, असे तीन आठवडे घालवले तरी ग्रोथ कर्व्ह जुळेना. आणि मी काय केलं तर त्या डेटावर मॉडेल बसवलं, नॉइजची टर्म घातली आणि सरांना मेल टाकला की काहीतरी इंटरेस्टिंग सापडलंय! शेवटी लॅब असिस्टंट काका म्हणाले, ताई, नुसतं पाणी वजन करून बघा की. 500 मायक्रोलिटर पाणी म्हणजे अर्धा ग्रॅम, बॅलन्सवर एकदा 0.5 आलं आणि एकदा 0.6 च्या वर. फिजिक्सवालीला हे काकांनी सांगावं लागलं.

गाडी रुळावर आली ती दुसऱ्या वर्षी, लुरिया आणि डेलब्रुकचा 1943 चा प्रयोग सरांनी करायला लावला तेव्हा. एक जण बायोलॉजीचा, दुसरा फिजिक्समधनं आलेला. त्यांनी बॅक्टेरियावर व्हायरस सोडला होता, आम्ही रिफाम्पिसिन घेतलं, टीबीचं औषध आहे ना तेच. वीस ट्यूबमध्ये थोडेथोडे बॅक्टेरिया वेगवेगळे वाढवायचे आणि मग एकेक ट्यूब औषधाच्या प्लेटवर पसरायची. औषधाला पुरून उरणारं म्युटेशन, म्हणजे जनुकातला बदल, औषध लागल्यावर होत असेल तर सगळ्या प्लेटवर कॉलनी, म्हणजे वाचलेल्या बॅक्टेरियाचे ठिपके, साधारण सारख्याच याव्यात, पॉयसॉन या संख्याशास्त्रातल्या वितरणाप्रमाणे, म्हणजे सरासरी आणि व्हेरियन्स (आकड्यांचा पसारा) जवळपास एकच. पण आधी वाढतानाच होत असेल तर ज्या ट्यूबमध्ये लवकर झालं तिथे त्याची सगळी पोरंबाळं, नातवंडं दिसणार. सकाळी इनक्युबेटर उघडला तर चार प्लेट कोऱ्या, बाकीच्यांवर पाचदहा आणि एका प्लेटवर मार्करनं ठिपके देत मोजायला बसले तर दोनशेच्या वर गेले. पॉयसॉन एमएस्सीला पाठ केलं होतं, मोडलेलं पहिल्यांदा डोळ्यांनी बघितलं. त्या दिवशी जेवायचं राहिलंच.

माझी मोठी चूक म्हणजे दोघांना वेगवेगळं भेटत राहिले. प्लॉट दाखवला की मॅडम म्हणायच्या कंट्रोल, म्हणजे तुलनेचा साधा नमुना, कुठाय, तोच सरांना दाखवला की पॉइंट एवढेच? आणि मी मधे निरोप्या. शेवटी मीच हट्ट धरला की महिन्यातनं एकदा तिघं एकाच टेबलावर बसायचं. पहिल्या मीटिंगला अर्धा तास मॉडेल या शब्दावरच गेला, कारण मॅडमच्या लेखी मॉडेल म्हणजे प्रयोगाला घेतलेला जीव, ई. कोलाय, आणि सरांच्या लेखी समीकरण. कोणी असं दोन गाइडचं करणार असाल तर हे जॉइन व्हायच्या आधीच ठरवून घ्या, माझं दीड वर्ष गेलं.

पैशाचं म्हणाल तर जानेवारी 2023 पासून महिन्याची फेलोशिप, जेआरएफ, 31 हजाराची 37 आणि तिच्या पुढची एसआरएफ 35 ची 42 झाली, पण एसआरएफ दोन वर्षांनी कमिटीपुढे बसल्यावर मिळते. माझा फॉर्म ऑफिसातनं एकदा परत आला, डिपार्टमेंटच्या कॉलममध्ये दोन नावं लिहिली म्हणून. एक खोडलं, कुठलं ते सांगत नाही.

आता तिसरा चॅप्टर लिहितेय. काल दोघांच्या करेक्शन आल्या, मॅडमनी लिहिलंय हे समीकरण अपेंडिक्समध्ये टाक, आणि सरांनी त्याच समीकरणाला गोल करून लिहिलंय, हे पहिल्या पानावर आण.